बिनगाण्याचा बँड बडोद्यातून कसा चालवावा

गुजरातेत दारूबंदी असल्याने बडोद्यात पब नाहीत. मुंबई-पुणे-बंगळूरचे नवे बँड पहिली दोन-तीन वर्षं पबच्या कोपऱ्यात वाजवून काढतात आणि त्यांचं मानधन बिअरच्या बिलातून निघतं. ती वाट इथे नाही. पोस्ट-रॉक, म्हणजे रॉकच्या वाद्यांवरचं बहुतेक बिनशब्दांचं संगीत, वाजवणाऱ्यांनी याचं वाईट वाटून घेऊ नये. या संगीताचा निम्मा भाग हळू आवाजाचा असतो आणि ग्लासांच्या किणकिणाटात तो वाया जातो. बडोद्यात श्रोता तिकीट काढून खुर्चीत बसतो. दांडिया बझार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांना नाटकाची आणि बैठकीची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिचा वारसा आज सूरसागरच्या काठी महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत चालू आहे. तेव्हा बसून ऐकणाऱ्यांसाठी वाजवायचं हे आधी ठरवा. पुढची बहुतेक आखणी त्यावरूनच ठरते.

‘पोस्ट-रॉक’ हा शब्द सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये रुळवला: वाद्यं रॉकची, पण काम पोताचं आणि रंगाचं. ग्लासगोचा मॉग्वाय १९९५ मध्ये सुरू झाला, पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचं लेबल काढलं आणि ब्रिटनच्या अल्बम-यादीत पहिला क्रमांक त्यांना मिळाला २०२१ मध्ये. इतक्या लांब पल्ल्याची तयारी असेल तरच यात पडावं. जवळचं उदाहरण हवं असेल तर अहमदाबादेतून निघालेला ‘अ‍ॅज वी कीप सर्चिंग’ हा बँड परदेशापर्यंत वाजवून आला आहे.

माणसं आणि कागद

दोन गिटार, एक बास, ड्रम्स. पाचवा माणूस घ्यायचा तर की-बोर्डवाला घ्या, तिसरा गिटारवाला नको. तीन गिटारी एकाच सप्तकात घुटमळतात आणि २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात चिखल होतो.

पहिली धून पूर्ण झाली की त्याच आठवड्यात वाटणीचा कागद करा. गाण्यात गीतकार-संगीतकार वेगळे दाखवता येतात. इथे चाल कोणाची आणि डिलेवर (स्वराचे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलवर) तयार झालेला आकृतिबंध कोणाचा, हा वाद दोन वर्षांनी हमखास उपटतो, आणि तोही नेमका पैसे आल्यावर. सोपा नियम असा: धून घडताना खोलीत होते त्या सगळ्यांना समान हिस्सा. प्रत्येक धुनेसाठी एक पान पुरतं. त्यावर नाव, तारीख, टक्केवारी, सह्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ हे दोन वेगळे हक्क आहेत, म्हणून दोन्हींची वाटणी वेगळी लिहा. संगीतकृतीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. स्टुडिओचा खर्च एकाच्या वडिलांनी दिला असेल तर तो मुद्रणाच्या बाजूला दाखवा, रचनेच्या बाजूला नव्हे.

रचनाकार म्हणून प्रत्येकाने आयपीआरएसचं (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं) सभासदत्व घ्यावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा मुद्रणात वापरलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला (चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळून) रचनाकाराचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाच्याही नावे करून देता येत नाही. एखाद्या निर्मात्याने ‘सगळे हक्क कायमचे’ असा करार पुढे केला तर हे आठवा.

भागीदारी पत्र करून बँडच्या नावाने पॅन आणि बँक खातं काढा. एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे आले की कर त्याच्या डोक्यावर बसतो. मानधनातून टीडीएस कापला असेल तर दाखला त्याच वर्षी मागून घ्या. बँडच्या नावाचा ट्रेडमार्क करायचा असेल तर कार्यक्रमांसाठी वर्ग ४१ आणि मुद्रणांसाठी वर्ग ९ पाहावा. नोंद दहा वर्षं टिकते.

तालमीची जागा

जुन्या वाड्यातली माडी दिसायला छान असते. पण लाकडी तक्तपोशीतून ड्रम्सचा धक्का थेट खाली उतरतो. मकरपुरा जीआयडीसीतलं छोटं शेड संध्याकाळनंतर किंवा रविवारी मिळालं तर शेजाऱ्यांचा प्रश्न सुटतो. मात्र शेजारी वेल्डिंग मशीन चालू असेल तर गिटारच्या अँपमधून (अँप्लिफायरमधून) खरखर येते, म्हणून भाडं ठरवण्याआधी कामाच्या वेळेत अँप लावून बघा. आणि तळमजला घेताना विश्वामित्री नदी किती लांब आहे हे विचारा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरलं होतं. अँप आणि केबलच्या पेट्या जमिनीपासून चार फुटांवरच्या मांडणीवर ठेवाव्यात.

आवाज बाहेर जाऊ नये यासाठी वजन लागतं: वीट, दुहेरी दार, फटी बुजवणं. आतला आवाज स्वच्छ व्हावा यासाठी शोषण लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अंड्यांचे ट्रे यांपैकी एकही करत नाहीत. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीला दोन बाय चार फुटांचे, ५० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलचे आठ ते दहा पॅनल पुरतात. घनता घनमीटरला ४८ किलोच्या आसपास असू द्या. ते कापडात बंद करून भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा, त्यातले चार कोपऱ्यांत तिरपे.

कानांसाठी एक हिशोब पाठ असू द्या. ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. या संगीताचा कळस सहज १०० च्या वर जातो. फिल्टरवाले इअरप्लग चौघांनीही घालावेत, आणि ते पहिल्या तालमीपासून. कानात एकदा सुरू झालेली शीळ पुढे बंद होईलच असं नाही.

वीज, पेडल आणि घरघर

पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्या. त्यांचा नेहमीचा क्रम असा: ट्यूनर, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारा), ओव्हरड्राइव्ह आणि फझ (आवाज फाडणारे), व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब (घुमारा देणारा), शेवटी लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारा). जुन्या पद्धतीचं फझ मात्र गिटारच्या लगेच पुढे लागतं, ट्यूनरच्याही आधी. नाहीतर ते बोचरं वाजतं. व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी ठेवल्याने स्वर बंद केला तरी त्याची शेपटी वाजत राहते. रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या (ओव्हरड्राइव्ह-फझच्या) आधी लावला तर शेपटीही फाटते आणि सगळं एक भिंत होऊन जातं. ते कधी मुद्दाम हवं असतं, चुकून झालेलं नको.

एकाच अडॅप्टरवरून सात पेडलची माळ लावली की डिजिटल पेडलचा किर्र आवाज सगळ्यांत मिसळतो. प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला पॉवर सप्लाय घ्या. साधं ओव्हरड्राइव्ह १० मिलिअँपिअरवर चालतं, पण डिजिटल डिले-रिव्हर्बला १०० ते ३००, कधी ५०० लागतात. कमी पडले की पेडल कळसाच्या मधोमध बंद पडून पुन्हा सुरू होतं. व्होल्टेज आणि ध्रुव, दोन्ही पेडलवर छापलेले असतात. बहुतेक ९ व्होल्टचे, मधला ध्रुव ऋण. तरी प्रत्येकाचं वाचून घ्या.

घरघर कुठून येते हे टप्प्याटप्प्याने शोधा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर दोष पिकअपचा किंवा गिटारच्या वायरिंगचा. पिकअप सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचा) असेल तर गिटार फिरवल्यावर घरघर कमी-जास्त होते, जागा बदलली की भागतं. आवाज तसाच राहिला तर पेडलबोर्ड काढून गिटार थेट अँपला लावा. आता शांत झालं तर दोष बोर्डवरच्या केबलचा किंवा सप्लायचा. लॅपटॉप जोडल्यावरच येत असेल तर तो अर्थ लूप (दोन उपकरणांच्या अर्थच्या जोडण्यांतून तयार झालेलं वेटोळं), आणि त्यावर उपाय ग्राउंड-लिफ्ट (अर्थ तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणारी पेटी.

प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. जुन्या सभागृहात किंवा मांडवात वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्टेजवरचे दोन अँप दोन वेगळ्या फेजवर किंवा वेगळ्या अर्थवर असले की हे होतं, आणि त्याचा शॉक जिवावर बेतू शकतो. सगळं स्टेज विजेच्या एकाच बोर्डावरून चालवून घ्या.

धून बांधताना

डिलेची वेळ कानाने नको, हिशोबाने लावा. ६०,००० भागिले लय (मिनिटाला पडणारे ठोके), म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. ७२ च्या लयीत एक ठोका ८३३ मिलिसेकंदांचा. त्याच्या पाऊणपट ६२५ ठेवले तर तो ओळखीचा धावता पाझर मिळतो. आता ड्रमर जोशात ७५ वर गेला तर हवेत ६०० आणि पेडल अजून ६२५ वर. पहिल्या प्रतिध्वनीत २५ मिलिसेकंदांचा फरक कोणाला कळत नाही. चौथ्यापर्यंत तो १०० होतो आणि सगळा बँड अडखळल्यासारखा ऐकू येतो. म्हणून ड्रमरच्या कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) हवा, किंवा गिटारवाल्याने प्रत्येक वळणावर टॅप करून लय पुन्हा लावावी. लय मोकळी श्वास घेणारी हवी असेल तर त्या भागात ठोक्याला बांधलेला डिले वापरूच नका, रिव्हर्बवर भागवा.

नव्या बँडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक धून हळू सुरू होऊन शेवटी फुटते. तिसऱ्या धुनेला श्रोता पुढचं ओळखतो. यावर उपाय आपल्याकडेच आहे. बडा ख्याल मध्यलयीत जातो तेव्हा आवाज मोठा होत नाही, दाटी वाढते. तीच गोष्ट इथे करा. चढ आवाजाने न दाखवता ठोक्यांच्या घनतेने, वाद्य गळून पडण्याने किंवा बासच्या एका बदललेल्या स्वराने दाखवा. पाच धुनांच्या कार्यक्रमात पूर्ण ताकदीचा स्फोट दोनदाच असावा. आणि स्फोटाआधीची दहा सेकंदं खरोखर हळू असू द्या, कारण मोठा आवाज मोठा वाटतो तो आधीच्या शांततेमुळे.

बोललेला आवाज घालण्याची या प्रकारात जुनी पद्धत आहे. चित्रपटातले संवाद उचलू नका, परवानगी नसेल तर तुमचं मुद्रण काढून टाकलं जातं. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत बोलली जाणारी, गुजराती हेल घेतलेली भाषा स्वतः मुद्रित करा आणि बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या. असा आवाज दुसऱ्या कुठल्या शहराच्या बँडकडे असणार नाही.

मुद्रण

ड्रम्स आणि बास एकत्र, एकमेकांकडे बघत वाजवून घ्या. गिटार नंतर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, शून्य ही कमाल) आसपास, म्हणजे कळसाला जागा उरते. गिटारला १०० हर्ट्झच्या खाली आणि रिव्हर्बच्या परतीला २५० च्या खाली कापा. एवढ्यानेच बासचा श्वास मोकळा होतो.

मास्टरिंगवाल्याला (मुद्रणाची शेवटची पातळी बसवणाऱ्याला) आधीच सांगा: मोठ्याने नको. स्पॉटिफाय सगळ्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसकडे (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणतं. उणे ८ पर्यंत दाबलेलं मुद्रण ते ६ डेसिबलने खाली ओढतं आणि हातात राहतो तो फक्त चपटा झालेला कळस. पूर्ण धुनेची सरासरी उणे १४ ते १६, शिखर उणे १ च्या खाली, आणि हळू भाग मोठ्या भागापेक्षा किमान १२ डेसिबल खाली ठेवा.

विनाइल काढायचं मनात असेल तर क्रम लावण्याआधीच ठरवा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला ३३⅓ च्या गतीने वीस-बावीस मिनिटं बसतात, म्हणजे दहा मिनिटांच्या दोन धुना. शिवाय सुई आत सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी होतो, आणि झांजा आणि फझ आतल्या खाचांत फाटतात. पोस्ट-रॉक बँड नेमका बाजूच्या शेवटी स्फोट ठेवतो. तो बाजूच्या सुरुवातीला आणा, शेवट शांत करा.

प्रकाशन आणि पैसे

वितरकाच्या (धून स्पॉटिफायसारख्या सेवांवर चढवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये भाषेच्या रकान्यात ‘शब्द नाहीत’ हा पर्याय निवडा. मराठी निवडलं तर धून गाण्यांच्या याद्यांत जाऊन पडते. शब्द फक्त शीर्षकात आहेत, म्हणून शीर्षक असं हवं की शोधल्यावर दुसरं काही येणार नाही. ‘पाऊस’ नको. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदा ठरलं की कायम तेच. फाइल प्रकाशनाच्या चार आठवडे आधी द्या, कारण प्लेलिस्टसाठीचा अर्ज किमान सात दिवस आधी पोचावा लागतो.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते, मग धून दोन मिनिटांची असो वा अकरा. २०२४ पासून वर्षभरात १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला तिथे काहीच मिळत नाही. म्हणून लांब धुना तोडाव्यात का? आमच्या मते नाही. अल्बमात नव्वद सेकंदांचे दोन-तीन जोड-तुकडे स्वतंत्र ट्रॅक म्हणून ठेवा आणि मूळ धून अखंड राहू द्या. बँडकँप हे संगीत थेट विकण्याचं संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं, बाहेरच्या श्रोत्यांसाठी ते उत्तम. पण तिथले पैसे पेपालमार्फत येतात, आणि पेपालने भारतातल्या भारतात व्यवहार २०२१ च्या एप्रिलपासून बंद केले आहेत, म्हणून इथल्या श्रोत्यांसाठी यूपीआयचा क्यूआर आणि डाउनलोडची चिठ्ठी टेबलावर ठेवा.

खरी कमाई पडद्याकडून येऊ शकते. ऑस्टिनच्या एक्स्प्लोजन्स इन द स्कायने २००४ मध्ये एका चित्रपटाला संगीत दिलं आणि त्यांचं नाव सर्वदूर गेलं. त्यासाठी प्रत्येक धुनेच्या चार फाइल तयार हव्यात: पूर्ण मिक्स, ड्रम्स वगळून, फक्त पॅड (मागचे लांब धरलेले स्वर) आणि रिव्हर्ब, आणि वेगवेगळे स्टेम (एकेका वाद्याचं स्वतंत्र मुद्रण). संकलकाने संध्याकाळी मागितल्या तर त्याच रात्री पाठवता आल्या पाहिजेत. त्याला सकाळपर्यंत काहीतरी लावायचंच असतं.

वस्तूंच्या बाबतीत बडोद्याला तोड नाही. फाइन आर्ट्स विद्याशाखा १९५० पासून आहे, तिथल्या प्रिंटमेकिंगच्या विद्यार्थ्याकडून १०० प्रतींचं सही-क्रमांकाचं स्क्रीनप्रिंट पोस्टर करून घ्या. त्याला पैसे द्या, ‘एक्स्पोजर’ नव्हे.

कार्यक्रम

सभागृहाचा हिशोब उलटा करा. भाडं, साउंड, छपाई, परवाने मिळून ६०,००० रुपये होत असतील आणि तिकीट ३०० चं असेल, तर २०० तिकिटांनी फक्त खर्च निघतो. पहिल्या वर्षी तेवढे लोक येणार नाहीत. ८० खुर्च्यांच्या गॅलरीत दोन दिवस वाजवा. सी. सी. मेहता सभागृह किंवा अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह नंतर. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, म्हणून साडेसातला सुरुवात. पोलिसांची परवानगी आणि संगीताचे परवाने आयोजकाने घ्यायचे की तुम्ही, हे लेखी ठरवा.

इथले साउंडवाले गरब्यात तयार झालेले असतात. मैदान हलवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण सबवूफर सतत चालू ठेवायची त्यांना सवय असते. सब मिक्सरच्या वेगळ्या ऑक्सवर (स्वतंत्र आउटपुटवर) घ्यायला सांगा आणि हळू भागात बंद ठेवायला लावा. चॅनल असे लागतील: किक, स्नेअर, दोन टॉम, दोन ओव्हरहेड, बास डीआय, दोन गिटार, की-बोर्ड स्टीरिओ, लॅपटॉप स्टीरिओ, क्लिक आणि निवेदनाचा एक माइक. एकूण पंधरा, तेव्हा सोळाचा मिक्सर पुरतो. क्लिक फक्त ड्रमरच्या कानात, आणि तो मुख्य स्पीकरवर जात नाही हे स्वतः तपासा.

साउंडचेक सगळ्यात मोठ्या भागाने सुरू करा. हळू भागावर गेन (मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) लावला तर कळसाला मिक्सर फाटतो आणि इंजिनिअर घाबरून सगळं खाली ओढतो, नेमकं तेव्हाच. त्याच्या हातात एक पान द्या: धुनेचं नाव, कितव्या मिनिटाला काय होतं, कोणती गिटार पुढे. गायक नसला की मध्यभागी काय ठेवायचं हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

४५ मिनिटांत पाच धुना बसवू नका, चारच बसवा. ट्युनिंग बदलायला वेळ जातो. एकाने लूपरवर स्वर धरून ठेवावा आणि बाकीच्यांनी त्याखाली तारा जुळवाव्यात, म्हणजे शांतता तुटत नाही.

तारखा ठरवताना नवरात्रीचे नऊ दिवस आणि त्याआधीचे पंधरा विसरा, भाड्याचं साउंडही मिळत नाही आणि ड्रमरही. गणपतीत तेच. उत्तरायणाला सगळं शहर गच्चीवर असतं. नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर आणि फेब्रुवारी सर्वांत बरे, लग्नाचे मुहूर्त तेवढे बघून घ्या.

बाहेरगावी, आणि कोणी सोडून गेला तर

अहमदाबाद शंभर किलोमीटरवर, मुंबई चारशेच्या आत. रेल्वेत थ्री-टायर एसीला माणशी ४० किलो सामान चालतं. ड्रमरने स्नेअर, झांजा, किक पेडल एवढंच न्यावं, बाकीचा सेट आणि अँप तिथे भाड्याने. कोणते अँप मिळणार याचा लेखी होकार आठवडाभर आधी घ्या.

बडोद्यातला बँड तिसऱ्या-चौथ्या वर्षी हमखास एक माणूस गमावतो, कोणी पुण्याला नोकरीवर, कोणी कॅनडाला शिकायला. ते गृहीत धरा. प्रत्येक धुनेचं ट्युनिंग, लय, डिलेचे आकडे आणि पेडलच्या नॉबचे फोटो एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. मूळ सत्राच्या फाइल दोन हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरी. भागीदारी पत्रात लिहा की जाणाऱ्याचा जुन्या धुनांतला वाटा कायम राहील, नव्यात नसेल, आणि नाव बँडकडे राहील. गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर हा माँट्रियलचा बँड २००३ ते २०१० वाजतच नव्हता, परत आला तेव्हा लोक थांबलेले होते. तेव्हा माणूस गेला म्हणून घाईने दुसरा घेऊ नका. सहा महिने तिघांनी तालीम करा, गेलेल्याचा भाग रिकामा सोडून. काही धुना तशाच चांगल्या निघतात, आणि ज्या निघत नाहीत त्यांतून नव्या माणसाला नेमकं काय वाजवता यायला हवं ते कळतं.